डेल्मरने थंड म्हटलेलं इंजिन

डेल्मर टॉर्गसनने तीन वर्षांत सोळा मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, पाहिली आणि सोळाच्या सोळा नाकारली. त्यातल्या चौदा वेळा मी त्याच्याबरोबर होतो. या माणसाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे तो एवढ्यामुळेच.

आमच्या तालुक्याच्या शाळेच्या बसगाड्या डेल्मर एकतीस वर्षं दुरुस्त करत होता. त्यांतली एक मी चालवायचो. त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज दोनशे पोरांचं जेवण करायची. मॉन्टानाच्या या पूर्वेकडच्या टोकाला माणसं मुळात कमी, त्यामुळे आम्हीच एकमेकांना पुरेसे होतो. माझी बायको गेल्यावर रविवारचं जेवण मी त्यांच्याकडेच घ्यायला लागलो. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं.

आर्डिसला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. रोज सकाळी वेगळी खिडकी. तिच्या शाळेच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून कचऱ्याचे डबे दिसायचे. तीस वर्षं ती त्या डब्यांकडे बघत बटाटे सोलत होती. निवृत्त झाल्यावर एक जुनं, डिझेलवर चालणारं मोटरहोम घ्यायचं, स्वतःचं अंथरूण, स्वतःची किटली घेऊन निघायचं आणि रोज नवीन ठिकाणी उठून पडदा सारायचा, असं त्या दोघांचं ठरलं होतं. एकदा मी म्हणालो, "अगं, मग साध्या गाडीने जा की, मोटेलात राहा."

"मोटेलच्या खिडकीतून काय दिसतं, सांगू? दुसऱ्यांच्या गाड्या," ती म्हणाली. "त्यापेक्षा माझे डबे बरे होते. निदान ओळखीचे तरी होते."

जुनंच का, तर नवीन घ्यायची दोघांची ऐपत नव्हती, आणि नव्यावर डेल्मरचा विश्वासही नव्हता. जुन्या गाडीचं इंजिन चांगलं, असं त्याचं मत. शिवाय मागच्या बाजूला इंजिन असलेली ती मोठी डिझेलची गाडी म्हणजे त्याच्या दृष्टीने बसच होती, फक्त आत पलंग होता. आणि बस त्याला कळायची.

कळायची, हीच तर पंचाईत होती.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी तो विकणाऱ्याला फोन करायचा आणि एकच गोष्ट सांगायचा. "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. मला ते थंड हवंय." झिजलेलं डिझेल इंजिन गारठ्यात लवकर सुरू होत नाही, कण्हतं, पांढरा धूर ओकतं. एकदा तापलं की मात्र शहाण्या मुलासारखं वागतं. म्हणून ज्याला काही लपवायचं असतं तो गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर गाडी सुरू करून ठेवतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. डेल्मर पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी मागे जायचा, झाकण उघडायचा आणि हाताची मागची बाजू इंजिनाला लावायचा. कोमट लागलं तर झाकण बंद. "कॉफीबद्दल आभारी आहे," एवढं म्हणून तो परत माझ्या ट्रकमध्ये येऊन बसायचा. कॉफी अजून कपात ओतलेलीसुद्धा नसायची. असे आम्ही एकदा दोनशे मैल गेलो आणि चार मिनिटांत परत फिरलो.

"अरे, निदान आत तरी जाऊन बघायचं," मी वैतागून म्हणालो.

"जो इंजिनाबद्दल खोटं बोलतो तो बाकीच्याबद्दल खरं कशाला बोलेल?"

"त्याने विसरून लावलं असेल."

"विसरून बायकोचा वाढदिवस जातो, वेंडल. विसरून इंजिन सुरू होत नाही."

इंजिन थंड निघालं तर मग त्याची खरी पूजा मांडली जायची. जुन्या गालिच्याचा एक तुकडा तो बरोबर आणायचा. तो अंथरून गाडीखाली सरपटत जायचा. टायरवरचे चार आकडे वाचून ते कुठल्या वर्षी बनलेत ते बघायचा. शिडी लावून छतावर चढायचा आणि कडांना अंगठ्याने दाबत पुढून मागे जायचा. दाराजवळची जमीन टाचेने ठोकायचा, गाद्या उचलून वास घ्यायचा. या सगळ्याला दोन तास लागायचे. तेवढा वेळ आर्डिस आत टेबलापाशी बसून खिडकीबाहेर बघायची. येताना ती लिंबाच्या वड्यांचा डबा आणायची. विकणाऱ्याला वडी द्यायची आणि हळूच विचारायची, "का विकताय?"

जुनी मोटरहोम विकायला निघतात त्याची कारणं दोनतीनच असतात. कुणी गेलेलं असतं, कुणी आजारी पडलेलं असतं, नाहीतर कुणाच्या मुलाने चाव्या काढून घेतलेल्या असतात. एका बाईच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर तिच्या नवऱ्याची टोपी तशीच लटकत होती. गाडी छान होती, पण टायर अकरा वर्षांचे होते आणि छताला एका कोपऱ्यात पाणी लागलं होतं. डेल्मरने त्या बाईला सगळं समजावून सांगितलं, बंद पडलेला दिवा दुरुस्त करून दिला, गाडी मात्र घेतली नाही. परत येताना आर्डिस म्हणाली, "तिच्या खिडकीतून सफरचंदाचं झाड दिसत होतं." डेल्मर म्हणाला, "छत कुजलंय, आर्डिस." दोघंही खरं बोलत होते.

मला त्याचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, अजूनही येतो. पण तो असा का झाला हे मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुणालाच नाही, कारण ती बस माझी होती.

एक्क्याऐंशी सालचा फेब्रुवारी. गराजमध्ये डेल्मरच्या हाताखाली एक मदतनीस होता, माणूस चांगला होता. त्याने सांगितलं, नऊ नंबरच्या बसचे ब्रेक बघितलेत, ठीक आहेत. डेल्मरला त्या सकाळी अजून चार गाड्या बाहेर काढायच्या होत्या. त्याने कागदावर सही केली. नऊ नंबर घेऊन मी निघालो आणि ओढ्याजवळच्या उतारावर माझा पाय ब्रेकवर गेला तो सरळ जमिनीलाच टेकला. बस आडवी झाली. अकरा पोरं होती आत. दहा जण खरचटून सुटले. मेरिबेथ लुंड नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मेरिबेथ आज गावात औषधाचं दुकान चालवते. कृत्रिम पायावर दिवसभर उभी असते, दोन मुलं आहेत तिला. मला बघितलं की हसते. डेल्मरलाही तशीच हसते, आपणहून विचारपूस करते. पण औषध घेताना डेल्मरची नजर कधी गल्ल्यावरून वर गेलेली मी पाहिली नाही. त्या फेब्रुवारीनंतर तो कुणाच्याही तोंडाच्या शब्दावर विसंबला नाही. स्वतः हात लावल्याशिवाय सही नाही. पुढची तेवीस वर्षं आमच्या एकाही बसला काही झालं नाही. तेव्हा त्याला संशयी म्हणताना, हट्टी म्हणताना माझी जीभ जरा अडखळायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आर्डिसचे डोळे बिघडायला लागले. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या मधोमध धुकं धरत जाईल, कडेकडेने थोडं दिसत राहील. किती दिवसांत, ते नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत ती एकटीच गेली होती. बाहेर आल्यावर तिने डेल्मरला सांगितलं, "हळूहळू होणारं आहे म्हणे. घाबरायचं कारण नाही." डेल्मरने विश्वास ठेवला. जो माणूस कुणाच्या शब्दावर टायरची हवासुद्धा मानायचा नाही, त्याने बायकोच्या शब्दावर तिचे डोळे मानले.

मला थोडी शंका यायची. ती माझ्याकडे तोंड जरा तिरकं करून बघायला लागली होती, कोंबडी बघते तसं. कॉफी ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवायची. एकदा मी विचारलं, "आर्डिस, खरं सांग. किती दिसतं तुला?"

"तुझा चेहरा दिसत नाही, एवढं बरं चाललंय," ती म्हणाली.

"डेल्मरला सांग."

"सांगितलं तर काय करेल? घाईघाईत पहिली मिळेल ती गाडी घेईल आणि रोज रात्री जागत बसेल, ब्रेक लागतील की नाही म्हणून. मी त्याला ओळखते, वेंडल. त्याला त्याच्या पद्धतीने गाडी मिळू दे. तोवर मी थांबते."

थांबते म्हणाली. जसं काही ते तिच्या हातात होतं.

सतरावी गाडी आम्ही पाहिली ती तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात. मालक रोलंड फिस्क नावाचा निवृत्त शिक्षक होता. शंभर-एक मैलांवरच्या गावात राहायचा. त्याची बायको वृद्धाश्रमात होती आणि आता त्याला ओळखत नव्हती. डेल्मरने नेहमीप्रमाणे फोन करून सांगितलं होतं. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गवतावर दव गोठलेलं होतं, आभाळ करडं होतं, ऊन कुठेच नव्हतं. गाडी बावीस वर्षांची, पांढरी आणि तपकिरी पट्ट्यांची, घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभी होती. दारावर अमेरिकेचा नकाशा होता. जी राज्यं फिरून झाली त्यांवर रंगीत स्टिकर लावलेले. तीनच राज्यं कोरी राहिली होती. आर्डिसने त्या स्टिकरांवरून बोटं फिरवली आणि फिस्कला विचारलं, "का विकताय?" त्याने सांगितलं. तिने त्याला वडी दिली. तो ती हातात धरून उभा राहिला, खाल्ली नाही.

त्या दिवशी एक गोष्ट वेगळी झाली. डेल्मर मागे निघाला होता, तेवढ्यात आर्डिस पायरीवर चाचपडली, म्हणून तिला हात द्यायला तो आधी आत चढला. मीही मागोमाग गेलो. आत गाडी नीटनेटकी होती. आर्डिस टेबलापाशी बसली, पडदा बाजूला केला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"डेल्मर, इकडे ये! बघ तरी, केवढा डोंगर! आणि वरती बर्फसुद्धा पडलंय, बघ."

डेल्मर तिच्या मागे जाऊन वाकला आणि बाहेर बघायला लागला. मीही बघितलं. खिडकीपासून दहा पावलांवर शेजाऱ्याची बोट उभी होती. तिच्यावर ताडपत्री ओढलेली होती. डोंगर कुठेच नव्हता.

मी तोंड उघडलं. डेल्मरने माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं. तो किती वेळ तसा वाकलेला होता कुणास ठाऊक. तिच्या केसांकडे बघत होता. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि खाली उतरला. त्याची शिडी आणि गालिचा माझ्या ट्रकमध्येच राहिला.

मागे फिस्क उभा होता. डेल्मरने झाकण वर उचललं आणि हाताची मागची बाजू इंजिनाला लावली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. काही हललं नाही. मग त्याने तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मला राहवलं नाही, मीही पुढे होऊन बोटं लावली. इंजिन कोमट होतं. कोमट कसलं, चांगलं तापलेलं होतं. तासाभरापूर्वीच बंद केलेलं असणार. फिस्क कानापर्यंत लाल झाला होता.

मी मनात म्हटलं, झालं. शंभर मैल परत.

"थंड आहे," डेल्मर म्हणाला.

फिस्कने त्याच्याकडे बघितलं. बिचारा आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवत आलेला माणूस. त्याला ते सोसेना. "मिस्टर टॉर्गसन," तो म्हणाला, "मला सांगितलं पाहिजे, सकाळी मी..."

"थंड आहे म्हणालो ना," डेल्मर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण फिस्क पुढे बोलला नाही. तेवढ्यात गाडीच्या अंगाला हात लावत लावत आर्डिस मागच्या बाजूला आली. "काय रे, झालं का? परत निघायचं?"

"नाही," डेल्मर म्हणाला. "इंजिन थंड आहे. गाडी चांगली आहे. घेऊ आपण."

"एवढ्यात? खाली नाही गेलास? छत?"

"वरूनच कळतंय."

तिने मागच्या जाळीला हात टेकून थोडा वेळ काढला. मग म्हणाली, "बरं. मग या माणसाला अजून एक वडी दे. पहिली हातात धरून त्याचे हात गारठले असतील."

आठ दिवसांत ती दोघं निघाली. सामान दोन पेट्यांत मावलं. जायच्या आधी डेल्मरने तीन दिवस गाडीखाली काढले, ब्रेक सगळे नवीन घातले. इंजिनाचं मात्र त्याला काही करता आलं नाही. ते झिजलेलंच होतं. पुढच्या सगळ्या थंड सकाळी तो पहाटे उठून त्या इंजिनाशी झटायचा. पांढऱ्या धुरात उभा राहून खोकायचा. आर्डिस आत पडदा सारून बसायची. तिने फोनवर मला खिडक्या सांगितल्या. यूटाच्या लाल कड्यांची, खाऱ्या तळ्याची, ॲरिझोनातल्या काटेरी झाडांची, टेक्सासमधल्या समुद्राची. छपन्न खिडक्या झाल्या. ख्रिसमसच्या सुमाराला ती फोनवर म्हणाली, "आज उजेड छान आहे," आणि एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने खिडकीबद्दल काही सांगितलं नाही. तरीही ती दोघं मार्चपर्यंत फिरत राहिली.

आता गाडी त्यांच्या घरामागे उभी असते. रोज सकाळी दोघं कॉफी घेऊन तिच्यातच बसतात. डेल्मर पडदा सारतो आणि बाहेर काय आहे ते तिला सांगतो. सांगतो म्हणजे कसा, तर डावीकडून उजवीकडे, एकही गोष्ट न सोडता. विजेचा खांब, कुंपणाच्या तारा चार, खालची सैल. दोन कावळे. शेजाऱ्याच्या ट्रकचं मागचं टायर बदलायला झालंय.

"खिडकी सांगत नाही, गाडी तपासतो," आर्डिस मला म्हणाली. मागच्या रविवारची गोष्ट. डेल्मर मागे झाकण उघडून काहीतरी ठोकत होता. आम्ही दोघं आत होतो.

"वेंडल," ती म्हणाली, "ते इंजिन तापलेलं होतं ना त्या दिवशी?"

मी मागे वळून बघितलं, डेल्मर अजून ठोकतच होता.

"मी इंजिनापुढच्या जाळीला हात टेकला होता. तीस वर्षं मी भट्टीपुढे काढलीत. मला गरम-गार डोळ्यांनी नाही, हाताने कळतं." तिने कप चाचपून खाली ठेवला. "डेल्मर थंड आहे म्हणाला आणि तेव्हा मला कळलं, माझे डोळे गेले. मी स्वतःची समजूत घालत होते, अजून आहेत, पुरतील. तो खोटं बोलला तेव्हा कळलं. त्या खिडकीत मी काहीतरी चुकीचं बघितलं असणार. काय होतं रे तिथे? डोंगर नव्हता ना?"

"बोट होती," मी म्हणालो. "ताडपत्री घातलेली."

"आणि बर्फ?"

"पक्ष्यांनी घाण केली होती वरती."

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू ओसरलं आणि पाणी तसंच येत राहिलं. मी तिला रुमाल दिला.

"त्याला सांगू का," मी विचारलं, "तुला माहीत आहे म्हणून?"

"अजिबात नाही. आयुष्यात एकदाच खोटं बोललाय, तेही माझ्यासाठी. मला कळलं म्हटलं तर त्याला वाटेल, तेही नीट जमलं नाही."

मागे झाकण बंद झाल्याचा आवाज आला. डेल्मर हात पुसत आत आला, तिच्या शेजारी बसला आणि खिडकीबाहेर बघून सांगायला लागला, "वेंडलचा ट्रक. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे."

"आणि पलीकडे?" आर्डिसने विचारलं.

पलीकडे सपाट गवत होतं, पार आभाळापर्यंत. डेल्मरने बराच वेळ बघितलं.

"पलीकडे गवत आहे," तो म्हणाला. "डोंगर नाही."

आर्डिसने त्याचा हात शोधला आणि त्याची मागची बाजू आपल्या गालाला लावून ठेवली.